वृक्षिकेचे दोन गुण

१२ जानेवारी, सोमवार

तालुका विज्ञान चाचणीचा निकाल आला. आमच्या नववीची करिश्मा बोरकर तिसरी. शिबिराला पहिले दोघंच जाणार. एका गुणाने गेली पोरगी.

मु.अ. (मुख्याध्यापक) हसत हसत स्टाफरूममध्ये आले. "तिसरा नंबर! आपल्या शाळेले लय झालं बाप्पा." आपल्या शाळेले म्हणे. नाकाडोंगरीत शाळा असली की तिसऱ्याच्या वर मान करायची नाही, असा काही शासन निर्णय निघाला असेल तर मला दाखवावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेरू खाता खाता वाजवल्या.

शिबिर मे महिन्यात, नागपूरला. दहा दिवस. प्रत्येक मुलाला वेगळा सूक्ष्मदर्शक. आमच्याकडे एक आहे, त्याच्या भिंगाला बुरशी. करिश्मा त्यातूनही कांद्याची साल बघते आणि मला सांगते, "मॅडम, पेशी दिसली, बुरशीच्या मागं."

तिला विचारलं, कोणता प्रश्न गेला? म्हणाली, सातवा असंन. वृक्षिका म्हणजे काय, तिचं कार्य. दोन गुण.

वृक्षिका? ते तर तिला झोपेत विचारलं तरी येतं. मीच शिकवलं आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

शाळेतून परत येताना तुमसरला गटसाधन केंद्रात उतरले. उत्तरपत्रिका दाखवा म्हटलं. बाबूंनी आधी चहा दाखवला, मग नियम दाखवला, मग कंटाळून उत्तरपत्रिका दाखवली.

करिश्माचं उत्तर उतरवून घेतलं, जसंच्या तसं (खांद्या म्हणजे फांद्या):

"वृक्षिका म्हणजे चेतापेशीच्या लहान लहान खांद्या. झाडासारख्या पसरतात. त्या ऐकतात आणि ऐकलेलं पेशीच्या अंगाकडे आणतात. पुढे सांगायचं काम अक्षतंतूचं."

शून्य. लाल पेनाने, गोल, सुबक शून्य.

इतकं चांगलं उत्तर मी तीस वर्षांत वाचलेलं नाही. आवेग, पेशीकाय, प्रवर्ध हे शब्द पाठ करून ओकणारी पोरं खंडीने असतात. हिला गोष्ट कळली आहे. आणि शून्य.

तपासलं कोणी? एक गणिताचे, एक पी.टी.चे. पी.टी.! शिट्टी फुंकणारा माणूस मेंदू तपासतो. दोघांनी नमुना उत्तर समोर ठेवून जुळवलं म्हणे. नमुना उत्तर मागितलं. त्यात लिहिलं आहे: वृक्षिका आवेग पेशीकायेपासून दूर नेतात, अक्षतंतू पेशीकायेकडे आणतो.

उलटं. पूर्ण उलटं. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

नमुना उत्तर काढणारे लांजेवार सर. मोठ्या शाळेतले, संघटनेचे तालुकाध्यक्ष, नववीच्या विज्ञान गाईडचे लेखक. यापुढे नुसतं लां. लिहीन, त्यांच्यावर इतकी अक्षरं खर्च करवत नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

लां. ना फोन केला. म्हणाले, "मॅडम, ती 'खांद्या' लिहून राहिली. ही काय शास्त्रीय भाषा आहे का?"

म्हटलं, सर, भाषेचं नंतर बघू. दिशा उलटी आहे तुमची.

"माझ्या गाईडमध्ये तेच आहे. हजारो पोट्ट्यांनी वाचलं. कोणी बोललं नाही."

हजारो पोरांनी चूक पाठ केली, म्हणून ती बरोबर. हा माणूस विज्ञान शिकवतो. आणि शब्द म्हणतो कसा? डेंड्रॉईट. तीनदा म्हणाला. डेंड्राइट म्हणता येत नाही तर वृक्षिका म्हण ना बाबा, तुझ्याच भाषेतला आहे. पण मराठी शब्द वापरला की ह्यांचं वजन कमी होतं.

यांना (नवरा) सांगितलं. एस.टी.त चाळीस वर्षं काढलेला माणूस, कशाचंच आश्चर्य वाटत नाही. "काहून डोकं लावून राहिली तू? दोन मार्क ना?"

दोन मार्क नाही हो. दहा दिवस.

१९ जानेवारी, सोमवार

करिश्माने दगड आणला आज. तिचे बाबा मँगनीजच्या खाणीवर डंपर चालवतात, त्यांनी आणून दिला. पिवळट चपटा दगड, त्यावर काळं झाड. फांदीला फांदी, तिला बारीक फांदी, अगदी कोणी टाकाने काढल्यासारखं.

"मॅडम, हे झाड दगडात कसं गेलं?"

मी फार न बघता म्हटलं, जुन्या काळच्या वनस्पतीचा ठसा. जीवाश्म. ठेव प्रयोगशाळेत. वर्गाने माना डोलावल्या. मॅडमनी सांगितलं म्हणजे झालं.

घरी येऊन सहज शोधलं. जीवाश्म नाही. वनस्पतीचा काही संबंध नाही. खडकाच्या भेगेत मँगनीजचं पाणी झिरपतं, आणि तो थर असा फाटे फुटत पसरतो. आणि त्या नक्षीला नाव काय? डेंड्राइट. तोच शब्द. मूळ ग्रीक, झाडावरून. चेतापेशीत तोच, दगडात तोच. वीसेक वर्षं या खाणपट्ट्यात शिकवते आहे, आणि ठाऊक नव्हतं.

लां. वर हसणाऱ्या बाई ह्या.

२१ जानेवारी, बुधवार

वर्गात कबूल केलं. जीवाश्म नाही म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं. या नक्षीचं नाव डेंड्राइट, वृक्षिकेचंच, हेही सांगितलं. मागच्या बाकांवर आनंदीआनंद. पोरांना शिक्षक चुकलेला फार आवडतो.

करिश्माने मात्र विचारलं: "म्हणजे तिथंही झाड नाही, इथंही झाड नाही. मंग झाडाचं नाव काहून दिलं, मॅडम?"

म्हटलं, नाव देणाऱ्याने आधी झाड पाहिलं होतं, म्हणून.

"मंग मी खांद्या लिहिलं त काय चुकलं?"

काही नाही चुकलं.

दुपारी लेखी अर्ज केला. नमुना उत्तर चुकलं आहे, सातव्या प्रश्नाची फेरतपासणी व्हावी. मु.अ. नी अर्ज असा हातात धरला, जसा मेलेला उंदीर धरावा. "मॅडम, एकीचं तपासलं की सगळ्यांचं तपासा लागते. साऱ्या तालुक्याचे गठ्ठे सोडा लागतीन. आणि लांजेवार सर अध्यक्ष आहेत, तुमाले मालूम आहे ना?"

मालूम आहे. म्हणून तर. सही केली शेवटी. नावापेक्षा तारीख मोठी काढली. घाबरट माणसाची सहीसुद्धा लपून बसते.

२५ जानेवारी, रविवार

काय लिहू.

सकाळी लां. च्या घरी गेले. त्यांनीच बोलावलं होतं, समोरासमोर बोलू म्हणून. गेले ती पाठ्यपुस्तक पिशवीत घेऊन, पानावर खूण करून. मनात वाक्यं तयार होती. एकेक वाक्य असं, की माणूस आठ दिवस वर बघणार नाही.

त्यांच्या पत्नीने पोहे आणले. लां. शांत. मी पुस्तक उघडलं, आकृती दाखवली, बाणाची दिशा दाखवली. ते म्हणाले, "हो मॅडम. उलटंच झालं आहे. तुमचा फोन आला त्या दिवशीच पाह्यलं मी."

मी म्हटलं, मग इतके दिवस...

ते उठले, कपाटातून गाईड काढलं, माझ्यासमोर ठेवलं. "पहिलं पान उघडा."

पहिल्या पानावर, लेखकाच्या नावाखाली, बारीक अक्षरात: मुद्रणपूर्व तपासणी, सौ. शीला गजभिये, बी.एस्सी., बी.एड.

माझं नाव.

"आठ वर्षं झाली मॅडम. तुम्ही विसरल्या. मी नाही विसरलो. तुम्ही तपासून दिलेली पानं अजून आहेत माझ्याकडं. दाखवू?"

नको म्हटलं. पोहे तसेच राहिले. रिक्षातून घरी. पिशवी रिक्षातच राहिली असती, रिक्षावाल्याने हाक मारली.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. लेझीम. मु.अ. चं भाषण, नेहमीचंच, आठवत नाही.

आठवतं ते सगळं आठ वर्षांपूर्वीचं. नवं पाठ्यपुस्तक आलं होतं, लां. ना घाई होती. शिपायाच्या हाती पानं पाठवली, चाळीस असतील. एका रविवारी बसले. टी.व्ही. चालू होता. चेतापेशीचं पान डोळ्यांखालून गेलंच असणार. पेन हातात होतं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, ते मात्र नक्की आठवतं. वेलांटी दिसली, बाण दिसला नाही.

आणि पानं परत देताना मी एकच गोष्ट विचारली होती. नावापुढे पदवी छापतील का?

आजारपण नव्हतं, घरात कोणी गेलं नव्हतं, कसलीही ओढाताण नव्हती. शोधून पाहिलं, एकही सबब सापडली नाही. नुसतं नाव छापून येणार याचा आनंद होता. छापून आल्यावर गाईड उघडून पाहिलंसुद्धा ते नावापुरतं. चेतापेशीच्या पानापर्यंतही गेले नाही.

हे म्हणाले, "कोणाले सांगू नको. कोण पहिलं पान पाहते?"

खरं आहे. कोणी पाहत नाही. मीच पाहिलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

लां. चा फोन. आवाजात लोणी. "मॅडम, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करून टाकतो. तुम्ही अर्ज तेवढा मागं घ्या. दोघांची इज्जत राहते."

दोघांची. म्हणजे आता आम्ही जोडीदार. ज्या माणसाचं नाव मी एका अक्षरात उरकलं, त्याच्या शेजारी माझं पूर्ण नाव पदवीसकट छापलेलं.

विचार करते म्हटलं. 'नाही' म्हणता आलं असतं. 'विचार करते' म्हटलं.

नववीचा तास होता. घेतला नाही. वाचन करा म्हणून निरोप पाठवला.

२९ जानेवारी, गुरुवार

अर्ज मागे घेतला नाही अजून. यात थोर काही नाही. मागे घ्यायलाही ऑफिसात जावं लागतं, मु.अ. च्या तोंडाकडे बघावं लागतं. तेवढीही धमक नाही, म्हणून अर्ज तिथे आहे.

मधल्या सुट्टीत करिश्मा आली. प्रयोगशाळेत मी एकटीच. म्हटलं, बस. तुला एक सांगायचं आहे. नमुना उत्तर ज्या गाईडमधून घेतलं, ते...

"मालूम हाय मॅडम."

काय मालूम?

"तुमचं नाव हाय त्याच्यात. माह्या ताईचं जुनं गाईड हाय घरी. मी पाह्यलं होतं."

कधी?

"चाचणीच्या आधीच. गाईडात उलटं दिसलं. मंग पुस्तक पाह्यलं. तुम्ही फळ्यावर काढलं होतं ते वहीत पाह्यलं. दोन्ही एकच होते. मंग गाईड ठेवून देलं."

मंग मले बोलली काहून नाहीस? मी तिच्याच बोलीत विचारलं, आपोआप.

ती बाकावरचा डाग नखाने खरवडत राहिली. "तुमचं नाव होतं ना. कसं बोलू?"

चौदा वर्षांची पोर माझी इज्जत सांभाळत होती, आणि मी गावभर लां. ची उतरवत फिरत होते.

म्हटलं, आता काय करू सांग. बोलल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली. हे ओझंही तिच्यावरच.

पण तिने सरळ उत्तर दिलं. "मले शिबिराले जायचं हाय मॅडम." एवढंच. राहू द्या म्हणाली नाही. मी मनात कुठेतरी तेच ऐकायला बसले होते, हे ती निघून गेल्यावर कळलं.

१ फेब्रुवारी, रविवार

दुसरा अर्ज लिहायला बसले. पाच कागद फाडले.

पहिला: 'सदर पुस्तकात अनवधानाने चूक राहून गेली आहे.' राहून गेली! जशी काही चूक स्वतः येऊन राहिली आणि जेवून गेली.

दुसरा: 'मुद्रणदोषामुळे.' खोटं. छापणाऱ्याने दिलं तेच छापलं.

तिसऱ्यात लां. वर दीड पान. वाचायला मजा आली. फाडला.

चौथ्यात मी इतकी वाईट होते, की वाचणाऱ्याने डोळे पुसत 'जाऊ द्या मॅडम' म्हणावं. हाही एक डाव. फाडला. पाचव्यात काय होतं ते लिहायची गरज नाही.

सहावा असा: 'गाईडमधील वृक्षिका व अक्षतंतू यांची कार्ये उलट छापली आहेत. ते पान मी तपासले होते. चूक मला दिसली नाही, कारण मी ते लक्ष देऊन वाचले नाही. नमुना उत्तर त्यावरून तयार झाले. सर्व उत्तरपत्रिकांतील सातवा प्रश्न पाठ्यपुस्तकाप्रमाणे पुन्हा तपासावा.' खाली सही. पदवी लिहिली नाही.

ह्यांनी वाचला. "पेन्शनले दोनच वर्षं राहिले तुह्ये," म्हणाले. मग उठून पाकीट आणून दिलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गटसाधन केंद्रात अर्ज दिला. साहेबांनी वाचला, परत वाचला. "मॅडम, ही तक्रार तुम्ही कोणावर करून राहिल्या?"

म्हटलं, दोघांवर. त्यातली एक मी.

हसले. असा अर्ज पहिल्यांदाच आला म्हणाले. बाबूंना बोलावून दाखवला. बाबूही हसले. मग शिक्का मारला, दुसऱ्या प्रतीवर मारायला विसरले, मी मारून घेतला.

व्हरांड्यात लांजेवार सर भेटले. (पूर्ण नाव. 'लां.' लिहायचा हक्क गेला.) त्यांना बातमी पोचली होती. नमस्कार केला, घेतला नाही. शेजारच्या माणसाला मोठ्याने म्हणाले, "काही लोकायले म्हातारपणी गांधी व्हायची हौस येते."

चिडायला हवं होतं. पण मी त्यांच्या जागी असते तर याहून जास्त लागेल असंच बोलले असते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स्टाफरूममध्ये मी गेले की पेरूचा विषय निघतो. इतक्या वर्षांत ह्या लोकांनी पेरूवर इतकं चिंतन केलं नव्हतं. मु.अ. म्हणाले, "शाळेचं नाव खराब झालं." शाळेचं नाव त्या पानावर नाही, मी पाहिलं आहे. आता पानं नीट पाहते.

फेरतपासणी होणार, असं कळलं. लेखी काही नाही. नुसतं, होणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी एक फोन. दुसऱ्या नंबरच्या मुलाचे वडील. शेतकरी आहेत, तुमसरच्या पलीकडच्या गावचे. रागाने बोलतील म्हणून मी आधीच आवाज कडक केला. ते रागावले नाहीत.

"मॅडम, आमच्या पोट्ट्यानं गाईडातलं लिहिलं. त्याले दोन मार्क भेटले, आता जातीन म्हणते. तो विचारून राहिला का बाबा, छापलेलं खोटं रायते का? काय सांगू त्याले?"

सांगा, रायते.

"मंग त्यानं काय करा लागत होतं?"

पाठ्यपुस्तक बघायला हवं होतं, असं म्हणणार होते. त्या पोराकडे पाठ्यपुस्तक होतं, गाईड होतं, आणि गाईडवर एका बाईंनी तपासल्याचं लिहिलं होतं. त्याने विश्वास ठेवला. करिश्माने ठेवला नाही. दोन गुणांचा फरक एवढाच.

म्हटलं, तुमच्या पोराची चूक नाही. माझी आहे.

"हो," ते म्हणाले, "पण जाईन त त्याचा नंबर."

फोन ठेवला. फार चीड आली. कोणावर ते लिहीत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

यादी उद्या लागणार. फेरतपासणी शनिवारी झाली म्हणतात. मला बोलावलं नाही, बरोबरच केलं. तपासलं पुन्हा त्या दोघांनीच, गणित आणि पी.टी. पाठ्यपुस्तक समोर ठेवून. 'खांद्या' आणि 'ऐकतात' यांचं काय केलं, कोणालाच सांगता येईना. बाबू म्हणाले, "शास्त्रीय शब्द नसन त अर्धे मार्क कापा, असं काही चाललं होतं." अर्धे कापले तर तिचा एक गुण होतो. त्या मुलाचे दोन गेले तर ती पुढे. पण त्याचे दोन जातात की भाषा शास्त्रीय म्हणून तसेच राहतात, हेही कोणाला माहीत नाही. तसं झालं तर दोघं बरोबरीत, आणि मग काय, चिठ्ठी टाकणार? विचारलं. बाबू म्हणाले, "साहेब पाहतीन."

नववीच्या वर्गात सगळं सांगितलं आज. गाईडं काढा म्हटलं, पहिलं पान, मग चेतापेशीचं पान. निम्म्या वर्गाकडे निघाली. पेनाने दुरुस्त करून घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आता बाकीचंबी तपासा लागते का, मॅडम?" हसले सगळे. मी म्हटलं, हो. हसणं थांबलं.

तास संपल्यावर करिश्माला थांबवलं. म्हटलं, मी उद्या सकाळीच तुमसरला जाऊन यादी बघते. तुझं नाव असो-नसो, पहिला फोन तुझ्या बाबांना करते.

ती दप्तर पाठीला लावत होती.

"नको मॅडम. बाबा उद्या सुट्टी घेऊन राहिले. आम्ही जातो." दारापर्यंत गेली, मग वळली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "यादी मीच वाचीन."